खतवाडीचे तीन वाफे

१

मंगळवारी सकाळी साडेसातला शकुबाईने पहिल्या वाफ्यात हात घातला आणि ती तिथेच मटकन खाली बसली. मुठीत आलेलं खत नेहमीसारखं काळंभोर, भुसभुशीत होतं. त्यातली गांडुळं मात्र दोऱ्याच्या तुकड्यांसारखी निपचित पडली होती. तिने दुसरा वाफा उकरला, मग तिसरा. तिथेही तेच. मग ती अशी काही ओरडली की शेजारच्या देवळातली कबुतरं उडाली.

धम्मानंद पाईकरावांना करुणाचा फोन आला तेव्हा ते कोरा चहा पीत होते. कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काढलेला हा माणूस चहा अर्धा टाकून उठणाऱ्यांतला नव्हता. पण आज उठला. कारण खतवाडी म्हणजे काय, हे वसमतमध्ये राहणाऱ्या कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

पाच वर्षांपूर्वी देवळामागे नुसता उकिरडा होता. डुकरं लोळायची. नाल्यांमधून प्लास्टिक वेचणाऱ्या सात बायांनी गट करून ती जागा मागून घेतली. घरोघरचा ओला कचरा, हॉटेलांतली सालपटं, देवळातलं निर्माल्य, सगळं तिथे येऊ लागलं आणि सहा वाफ्यांतून गांडूळखत होऊन लोकांच्या कुंड्यांत परत जाऊ लागलं. फाटकाशी ओळीने तीन पिंपं होती. ओल्या कचऱ्याचं हिरवं, सुक्याचं निळं, आणि फुटके बल्ब, सुया, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या असल्या घातक कचऱ्याचं लाल. हिरवं आणि निळं प्लास्टिकचं, लाल तेवढं पत्र्याचं. जागेचा करार आता संपत होता. उद्या, बुधवारी अकरा वाजता, नगरपालिकेच्या मुख्याधिकारी सुनीती मॅडम स्वतः पाहणीला येणार होत्या. एक तर बायांना पुढची तीन वर्षं मिळणार होती, नाही तर सगळा कचरा बाहेरगावच्या ठेकेदाराकडे जाणार होता. तसं झालं तर सात बाया पुन्हा नाल्यात उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, पोलिसांत न्हाई जायचं मला," गटाचा कारभार बघणारी करुणा फाटकातच म्हणाली. तिशीची, एरवी थंड डोक्याची पोरगी, आज तिने फाटकाची कडी हातातून सोडली नव्हती. "पोलीस आले की वाडीला टाळं लागतंय. उद्याच्यापर्यंत तुमीच सांगा कुणी केलं ते."

"कुणी केलं ते नंतर. काय केलं ते आधी बघू."

पण बायांचं 'कुणी' केव्हाच ठरून गेलं होतं. वाडीच्या टेंपोच्या चाकाला टेकून टेंपोचा ड्रायव्हर किसनसिंग उकिडवा बसला होता आणि त्याच्याभोवती बायांचं कोंडाळं पडलं होतं.

"काल सांजच्याला पाठीवर पंप घेऊन ह्योच फिरून राहिला होता!" शकुबाई कडाडली. "ठेकेदारानं टेंपो चालवायला बोलावलंय याला. आमी डोळ्यानं बघितलं!"

किसनसिंगने मान वर केली नाही. ते धम्मानंदांना खटकलं. खोटा माणूस एव्हाना दहा शपथा घेऊन मोकळा झाला असता.

ते वाफ्यांपाशी गेले. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वाफ्यावर जुनी, ओली पोती पसरलेली होती. मे महिन्याच्या अखेरचं ऊन म्हणजे गांडुळांचा काळ, म्हणून बाया वाफे सतत पोत्यांनी झाकून त्यांवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडत. पहिले तीन वाफे मात्र उघडे होते.

"यांच्यावरची पोती कुठं गेली?"

"काढून फेकली असतील त्यानं, औषध मारायला," शकुबाई म्हणाली.

धम्मानंद गुडघ्यांवर बसले. पहिल्या वाफ्यात हळूहळू बोटं फिरवत कडेपर्यंत गेले, परत मध्यावर आले आणि थांबले. वाफ्याच्या बरोबर मधोमध, आडवी, चार बोटं रुंदीची एक पट्टी होती, आणि त्या पट्टीतली गांडुळं जिवंत होती.

त्यांनी दुसरा वाफा उकरला, तिसरा उकरला. दोन्हीकडे तशीच पट्टी होती.

२

"किसनसिंग, पंपात काय होतं?"

दोघे टेंपोच्या मागच्या फळीवर बसले होते. बायांना धम्मानंदांनी चौथ्या वाफ्याला पाणी मारायला पिटाळलं होतं.

"कडुनिंबाचा अर्क, काका. सूंघके देखो. देवळातले पंडितजी दोन महिने झाले ओरडून राहिले, मच्छर होतात म्हून. उद्या मॅडम येणार, त्यांनी तक्रार केली तर? म्हून नालीत मारला. वाफ्याकडं गेलो बी न्हाई."

"मग हे बायांना काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. पण त्याच्याआधी त्यांनी ठेकेदाराचं इचारलं." त्याने नखाने फळीवरचा रंग खरवडला. "ठेकेदारानं बोलावलं हे खरं हाय. जातो म्हणलो न्हाई, न्हाई जात म्हणून बी सांगितलं न्हाई. घरी तीन लेकरं हायेत. वाडी गेली तर मी काय करू? तेवढी एक लाज हाय माझ्या मनात. तीच पकडली त्यांनी."

धम्मानंदांना हे उत्तर आवडलं. त्यांनी पंप मागवला. तळाशी पेलाभर पाणी शिल्लक होतं आणि त्याला निंबाचा कडू वास येत होता. एका घमेल्यात चौथ्या वाफ्यातलं खत घेऊन त्यांनी त्यात वीस गांडुळं मोजून सोडली, पंपातलं सगळं पाणी वर ओतलं आणि घमेलं सावलीत ठेवलं.

"आता दोन तास थांबायचं," ते बायांना म्हणाले.

"दोन तास? काका, उद्या अकराला मॅडम येऊन राहिल्या!" करुणा कळवळली.

"मग अजून पुष्कळ वेळ हाय. चहा ठेव, बिनदुधाचा."

चहाबरोबर बशीत कापलेला आंबाही आला. "जनकामायनं आणलेत, लेकीच्या गावाहून," करुणा म्हणाली. "शनिवारी परत आल्या त्या."

जनकाबाई जरा बाजूला, लिंबाच्या बुंध्याशी बसली होती. गटाची ही सगळ्यात थोरली बाई पासष्टीची असेल. हिरवं लुगडं, पांढरे केस आणि मानेला चकचकीत खोबरेल. धम्मानंद आणि ती एकाच वस्तीत वाढलेले, म्हणून ते तिला आक्का म्हणत. खतवाडीची कल्पनाच तिची. काहीच फेकायचं नाही, काहीच जाळायचं नाही, जे ते ज्याच्या त्याच्या पिंपात, हा नियमही तिचाच. नवी सून आली तरी तिला आधी पिंपं दाखवायची, अशी तिची ख्याती होती. आज मात्र तिने एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

"आक्का, मानेला काय झालं?"

"घामोळ्या," ती म्हणाली आणि पदर वर ओढून घेतला.

दोन तासांनी घमेलं उलटं केलं. वीसच्या वीस गांडुळं वळवळत होती. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शकुबाई तर किसनसिंगकडे पाठ करून उभी राहिली, कारण तोंडावर माफी मागणं तिला जड जात होतं.

"किसननं मारलं न्हाई," धम्मानंद म्हणाले. "आणि पंपानं तर कुणीच मारलं न्हाई. पंपाचा फवारा वाफ्याच्या मधोमध चार बोटं जागा सोडून बरोबर सरळ रेघेत कसा पडंल? तेही तिन्ही वाफ्यांत?"

"मग कशानं मेली?"

धम्मानंदांनी चौथ्या वाफ्याकडे बोट दाखवलं. त्यावर दोन पोती शेजारी शेजारी अंथरलेली होती आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटं फट राहिली होती.

"विष पंपातून आलं न्हाई. ते पोत्यांतून आलं. आणि आता ती पोतीच गायब हायेत."

३

पोती कुठली, हे कुणालाच सांगता येईना. घरातलं जुनं पोतं जी ती आणून कोपऱ्यातल्या ढिगात टाकी. रविवारी पहिल्या तीन वाफ्यांवरची कुजलेली पोती बदलली आणि ढिगातली सहा टाकली, इतकंच शकुबाईला आठवत होतं.

"मग ज्याला आमचं वाटोळं करायचं होतं त्यानं ढिगात विषाची पोती ठेवली असतील," ती म्हणाली. "देवळातल्या बुवाला इचारा!"

देवळाचे पुजारी बंडोपंत ओट्यावर सुपारी कातरत होते. खतवाडीचा वास येतो म्हणून त्यांनी नगरपालिकेत तीन अर्ज दिले होते आणि तिन्हींच्या प्रती खिशात बाळगल्या होत्या.

"मी लपवत नाही हो. माझा विरोध आहे. वास येतो, मच्छर होतात. पण गांडुळं मारायला मी काय राक्षस आहे?"

"तुमचा मोगरा झकास फुललाय यंदा," धम्मानंद कुंड्यांकडे बघत म्हणाले. "खत कुठलं?"

बंडोपंतांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. कुंड्यांतली काळी माती बघणाऱ्याला सारं सांगत होती.

"हे पाहा," ते आवाज उतरवून म्हणाले, "करुणा आणून देते अधूनमधून. अर्ज वासाबद्दल आहे, खताबद्दल नाही. तुम्ही कुठं बोलू नका."

धम्मानंदांना हसू आलं. स्वतःच्या मोगऱ्याच्या मुळावर उठणारा हा माणूस नव्हता. ते उठता उठता म्हणाले, "पहाटे वाडीत कुणी दिसलं का?"

"दिसलं नाही. मी काकडआरतीच्या तयारीत होतो. आवाज आला तेवढा. साडेपाचच्या सुमाराला. ठण्ण असा. पत्र्यावर पत्रा पडावा तसा. मला वाटलं, मांजर असेल."

धम्मानंद दोन पायऱ्या उतरले होते. ते तिथेच थबकले.

"पत्र्याचा आवाज? पक्कं?"

"चाळीस वर्षं घंटेखाली काढली मी. धातूचा आवाज मला कळणार नाही?"

४

परत येताना धम्मानंदांच्या मनात एकच विचार घोळत होता. पोती नेणाऱ्याला ती पोतीच विषारी आहेत हे माहीत होतं, म्हणून तर त्याने ती काढली. मग त्याने ती टाकली कुठे? बाहेरचा वैरी असता तर नाल्यात भिरकावून मोकळा झाला असता. नाही तर काडी लावली असती. नाल्यात पोती नव्हती आणि आसपास कुठे राखही नव्हती.

त्यांनी लाल पिंपाचं झाकण उचललं. ते खाली ठेवताना ठण्ण असा आवाज झाला.

फुटक्या बल्बांवर, फवारणीच्या बाटल्यांच्या शेजारी, सहा पोती नीट घडी घालून ठेवली होती. घड्यांवरून एक हिरवी चिंधी बांधलेली होती. धम्मानंदांनी वरचं पोतं नाकाशी नेलं आणि लगेच दूर केलं. एकतीस वर्षांच्या नाकाला तो वास अनोळखी नव्हता. पोत्याच्या विणीत पिवळट डाग होते आणि एका शिवणीत हळदीच्या कंदाचा वाळका तुकडा अडकला होता.

लागवडीचे दिवस होते. हळदीचं बेणं लावण्याआधी कीड आणि बुरशीच्या औषधात बुडवतात आणि निथळायला पोत्यात भरून ठेवतात. ती पोती पुढे वाळली की साधी दिसतात. वाफ्यावर टाकून रोज दोनदा पाणी शिंपडलं, की त्यांतलं औषध थेंब थेंब खाली उतरतं.

हे कळलं, पण धम्मानंदांना आनंद झाला नाही. पुरावा लपवायला निघालेल्या माणसाने पुरावासुद्धा योग्य पिंपात टाकला होता. असं करणारा हात बाहेरचा असूच शकत नव्हता. हे हात याच वाडीत घडले होते. आणि औषधाची ओली पोती डोक्या-खांद्यावरून वाहिली की मानेची कातडी लाल होते, तिथे घामोळ्या सांगून खोबरेल लावावं लागतं. शनिवारी हळदीच्या मुलखातल्या लेकीच्या गावाहून आलेली, हिरव्या लुगड्याची बाई या वाडीत एकच होती.

त्यांनी झाकण परत लावलं. या वेळी आवाज होऊ दिला नाही.

५

"आक्का, लाल पिंप बघितलं मी."

बाया जेवायला घरी गेल्या होत्या. लिंबाखाली दोघंच होते. जनकाबाईने मानेवरचा पदर बाजूला केला. कातडी सोललेली होती.

"लेक फेकून द्यायला निघाली होती, धम्मा. मीच म्हणलं, फेकू नको, माझ्या गांडुळायला होतील. थोडी ओली होती. मला वाटलं, धुतलीत. मी इचारलंच न्हाई." तिने आपल्या दोन्ही तळहातांकडे बघितलं. "आज पहाटं आले, पोतं उचललं, तवा वास आला. तवा कळलं. पाच वर्षं लेकरावानी जपली ती मी, अन् माझ्याच हातानं..."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"उद्या मॅडम येणार. लोक आधीच म्हणून राहिले, अडाणी बायांच्या हाती कशाला द्यायचं. आमच्याच चुकीनं मेली म्हणलं, की वाडी गेली. वाटलं, कुणी चोरानं केलं म्हणतील अन् सोडून देतील. किसनवर जाईल हे माझ्या डोस्क्यात आलं न्हाई."

"पण गेलं, तवा बी तू गप्प बसलीस."

ती रडू लागली. धम्मानंदांना तिचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. लहानपणी तापात त्यांच्या उशाशी रात्रभर बसलेली ही बाई होती. एक शब्द न बोलता घरी जावं, पोती उद्या आपोआप घातक कचऱ्याच्या गाडीत जातील, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. मग टेंपोच्या चाकाला टेकून बसलेला किसनसिंग आठवला.

"मी उद्या अकराला येतो," ते उठत म्हणाले. "बोलायचं कुणी, ते तू ठरव. तू न्हाई बोललीस तर मला बोलावं लागंल."

६

बुधवारी अकराच्या ठोक्याला सुनीती मॅडम आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. खत उपसून रिकामे केलेले तीन वाफे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. करुणा पुढे झाली, पण तिला मागे सारून जनकाबाई उभी राहिली. बाया, किसनसिंग आणि ओट्यावरून कान देणारे बंडोपंत, सगळेच तिच्याकडे बघू लागले.

"मॅडम, गांडुळं मी मारली," ती म्हणाली. "जाणून न्हाई. पर पोती मी आणली, अन् मीच लपवली. काल दिसभर या गरिबावर आळ आला अन् मी तोंड शिवून बसले. मला गटातून काढा. वाडी बायांकडं राहू द्या."

तिने सगळं सांगितलं. लाल पिंपही उघडून दाखवलं. मॅडमनी वाकून पोती आणि त्यांवरचे पिवळट डाग बघितले.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"व्हय. मला कळत राहिलं असतं."

मॅडम वाफ्यांवरून फिरल्या. चौथ्यात हात घातला, गांडुळं तळहातावर घेतली, परत सोडली. मग हात धुवून म्हणाल्या, "तीन वर्षांची सही मी आज करणार नाही. सहा महिने देते. बाहेरून आलेली वस्तू वाफ्याला लागण्याआधी तपासायची कशी, ते तुम्ही मला लिहून द्यायचं आणि पाळून दाखवायचं. तीन वाफे भरलेले दिसले तर पुढचं बोलू. आणि या बाईंना काढायचं की नाही, ते तुमच्या गटानं ठरवायचं. त्यात मी पडत नाही."

गाडी गेली. सहा महिने म्हणजे फार नव्हे, पण नाला टळला होता. शकुबाईने डोळे पुसले आणि किसनसिंगसमोर जाऊन चहाचा कप धरला. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही.

जनकाबाई त्याच्यापुढे गेली. हात जोडायला लागली तसा तो एक पाऊल मागे सरला. धम्मानंदांना वाटलं, हा आता टेंपो काढून ठेकेदाराकडे निघून जाणार, आणि गेला तरी त्याला कुणी बोल लावू नये.

"माय," तो शेवटी म्हणाला, "तुमच्या लेकीनं असली पोती अजून कुणाला दिली काय?"

जनकाबाईने हात खाली घेतले. "शेजारणीला दिली चार. जवारी भरायला."

"फोन लावा."

करुणाने लावला. दोनदा, तीनदा. लेक शेतात होती, फोन घरात वाजून बंद पडत होता.

किसनसिंगने चहा एका घोटात संपवला, कप शकुबाईच्या हातात दिला आणि टेंपोचं दार उघडलं. "बसा. तिथल्या सगळ्या घरांत जावं लागंल. कुणी कुणाला दिली, कोण सांगतंय? पोतं बघून, वास घेऊन सांगावं लागंल, अन् वास तुमालाच कळतोय आता."

जनकाबाईला पायरी उंच पडली. त्याने हात पुढे केला आणि तिला वर घेतलं. टेंपो फाटकातून बाहेर पडला, मोंढ्याच्या रस्त्याला लागला. करुणा अजून फोन लावतच होती.